साडेतीन हात जागा

‘भाऊ’ जवळचा आणि ‘बंधू’ही जवळचा, पण दोघांची मिळून ‘भाऊबंदकी’ झाली की त्याचा अर्थ वैर होतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात, आणि सामायिक कलमांचे आंबे कोणी उतरवायचे यावरून हंगामाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात तक्रार जाते. पडवीत मधोमध चिऱ्याची भिंत घालून एका घराच्या दोन चुली होतात. चाकरमानी भावाच्या वाटणीची खोली कुलूपबंद राहते, वरची कौलं फुटून पाणी आत गळतं, आणि ती शाकारायला दुसरा भाऊ हात लावत नाही, कारण हात लावला तर उद्या कोर्टात तीच त्याची वहिवाट ठरेल. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. यात ख्रिस्ती घरंही आली. अल्तारासमोर रोज संध्याकाळी तेरीज, म्हणजे रोजरीची प्रार्थना, म्हणणारी आणि बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारी सख्ख्या भावांची घरं आमच्या वाडीत आहेत.

अशा मातीतल्या माणसासमोर बायबलचा नवा करार ‘बंधुप्रीती’ हा शब्द ठेवतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की तुमची एकमेकांवर प्रीती असली, तर त्यावरून सगळे ओळखतील की तुम्ही माझे शिष्य आहात. ओळखीची खूण म्हणून त्याने बाप्तिस्म्याचा दाखला सांगितला नाही, चमत्कारही सांगितला नाही. मुख्य म्हणजे खूण पटली की नाही हे ठरवायचं काम त्याने ‘सगळ्यांवर’ सोपवलं, म्हणजे बाहेरून बघणाऱ्यांवर. योहानाचं पहिलं पत्र याहून कडक आहे. डोळ्यांपुढच्या भावावर प्रेम नसताना न पाहिलेल्या देवावर प्रेम आहे असं म्हणणारा लबाड आहे, असं ते सरळ लिहितं. मी लहानपणापासून हे वाक्य ऐकत आलो आहे. ते आपल्याला उद्देशून आहे, हे मला एका पावसाळ्यात दफनभूमीच्या फाटकाशी कळलं.

आमचं गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनाऱ्यावर. गावातले ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक. चर्च जुनं, दफनभूमी चर्चच्या मागे, उतारावर. वाडीत एक निवृत्त नर्स राहायच्या. त्यांना लहानथोर सगळे सिस्टरबाई म्हणायचे. त्या प्रोटेस्टंट, तालुक्याच्या गावातल्या मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, सभासद. गुडघे चालत होते तोवर महिन्यातून एकदा एसटीने तिथे उपासनेला जायच्या. बाकीच्या रविवारी घरीच बायबल वाचायच्या. पण गावात कुणी गेलं की पहिला निरोप त्यांच्याकडे यायचा. मयताला आंघोळ घालणं, कपडे चढवणं, जबडा बांधणं, हात छातीवर जुळवून बोटांत रोजरी अडकवणं, हे सगळं त्या करायच्या. स्वतः त्या रोजरी म्हणत नसत, पण आमच्या माणसांच्या बोटांत ती नीट अडकली आहे की नाही हे बघत. माझ्या आईलाही शेवटचं त्यांनीच तयार केलं. आईच्या पायांत मोजे घालताना त्यांनी आधी ते आपल्या हातांत धरून ऊब दिली होती, हे मी दारातून पाहिलेलं आहे.

सिस्टरबाई आषाढात गेल्या. मुलगी मुंबईहून निघाली होती, पण घाटात दरड आली म्हणून अडकली. प्रश्न आला की पुरायचं कुठे. चर्चच्या समितीतले आम्ही पाच जण पडवीत बसलो. बाहेर पाऊस इतका होता की मोठ्याने बोलावं लागत होतं. एकजण म्हणाला, “आमच्याच माणसांक जागा पुरना नाय, भायल्यांक खंयसून देवची?” दुसरा म्हणाला, आज एकाला दिली तर उद्या सगळे येतील. तिसऱ्याने नियमाचं विचारलं. नियम कुणालाच ठाऊक नव्हता, पण तो असणार असं सगळ्यांना वाटत होतं. मी काही बोललो नाही. आईच्या मोज्यांची आठवण झाली होती आणि तरी बोललो नाही. समितीत नवीन होतो, वाकडेपणा घ्यायला नको वाटलं. दहा मिनिटांत ठरलं. सिस्टरबाईंना रुग्णवाहिकेत घालून चाळीसेक किलोमीटरवर तालुक्याच्या गावी नेलं. तिथल्या खड्ड्यात पाणी भरलं होतं, बालदीने उपसत उपसतच त्यांना खाली ठेवलं. तोवर अंधार पडला होता.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर बस्तरमधलं एक प्रकरण आलं. एका ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह त्याच्या गावात पुरायला गावकऱ्यांनी विरोध केला होता. ७ जानेवारीला वारलेल्या त्या माणसाचा देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला. २७ जानेवारीला खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींची मतं विभागली, आणि अखेर गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरायचं ठरलं. आमच्याकडे त्या दिवसांत प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संताप होता, आणि तो रास्तच होता. मेलेल्या माणसाला त्याच्या गावात जागा नाकारणं हे क्रौर्य आहे. पण ते मेसेज वाचताना मला आमची पडवी आठवली. तिथे परक्यांनी ख्रिस्ती माणसाला वीस-पंचवीस किलोमीटर लांब पाठवलं. इथे आम्ही ख्रिस्ती लोकांनीच एका ख्रिस्ती बाईला चाळीस किलोमीटर लांब पाठवलं, आणि आमच्यावर कुणाची जबरदस्तीही नव्हती. आमचा संताप खरा असेल, तर तो आधी आमच्याच फाटकापाशी येऊन थांबायला हवा.

म्हणून मी हा प्रश्न उघडपणे मांडतो आहे. कोकण किनाऱ्यावरच्या कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि नव्या मंडळ्यांनी आपापल्या दफनभूमी एकमेकांना खुल्या कराव्यात. गावाच्या हद्दीत मरण पावलेल्या कुठल्याही बाप्तिस्मा झालेल्या माणसाला, त्याच्या घरच्यांनी मागितली तर, गावातली जागा मिळावी आणि त्याच्याच पाळकाला तिथे प्रार्थना करू द्यावी. हे औदार्य म्हणून करायचं नाही. आपण स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो म्हणून करायचं.

जो नियम पडवीत कुणालाच ठाऊक नव्हता, तो मी नंतर शोधला. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात कलम ११८३ आहे. इतर चर्चमधल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा स्वतःचा पाळक उपलब्ध नसेल आणि त्या माणसाची इच्छा उघड विरुद्ध नसेल, तर बिशपांच्या विवेकाने त्याचा अंत्यविधीसुद्धा कॅथलिक पद्धतीने करता येतो, असं ते म्हणतं. म्हणजे विधीलाही वाट आहे. आम्ही तर नुसती जमीन नाकारत होतो. रोमने किलकिलं ठेवलेलं दार आम्ही आमच्या पडवीत बसून लावून घेतलं होतं.

दफनासारखी बाब मी इतकी मोठी का करतो, असं कुणाला वाटेल. विश्वास मोठा की खड्डा, असं एका मित्राने मला विचारलंच. मी त्याला इसवी सन १९७ च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये लिहिणाऱ्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाकडे नेलं. ‘बघा, यांचं एकमेकांवर किती प्रेम आहे’ असं बाहेरचे लोक ख्रिस्ती मंडळींविषयी म्हणत, हे त्याचं वाक्य प्रवचनांत नेहमी येतं. पण त्याच्या अलीकडे त्याने त्या प्रेमाचा हिशेब दिला आहे, तो फारसा कुणी वाचत नाही. मंडळीची एक पेटी असे. महिन्यातून एकदा, ऐपत आणि इच्छा असेल तसं, प्रत्येकजण तिच्यात काही टाकी. तो पैसा कशावर जाई, तर गरिबांना जेवू घालणं आणि त्यांना पुरणं, पोरकी मुलं, घरात खिळलेले म्हातारे, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले लोक, आणि विश्वासापायी खाणीत, बेटांवर किंवा तुरुंगात पडलेले बंधू. प्रेमाच्या यादीत जेवणाला लागूनच दफन आहे. आणि थोडं पुढे दर्यावर्दी. समुद्रकाठच्या माणसाने ही यादी वाचली की ती आपल्याच गावची वाटते.

पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, ३६२ च्या आसपास, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतलेला रोमन सम्राट ज्युलियन गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहितो. ख्रिस्ती लोकांवर त्याचा राग आहे, तो त्यांना ‘गालीली’ म्हणून हिणवतो. तरी हा पंथ का वाढला याची कारणं देताना त्याला ज्या गोष्टी लिहाव्या लागतात, त्यांत या दोन आहेत : परक्यांशी त्यांची वागणूक आणि मेलेल्यांच्या कबरींची त्यांना असलेली काळजी. शत्रूने दिलेला हा दाखला आहे. येशूने खूण ओळखायचं काम बाहेरच्यांवर सोपवलं होतं, आणि बाहेरच्यांनी ती कबरींवरूनही ओळखली.

आता जागेचं. जागा कमी आहे, हे खरंच आहे. आमच्या उतारावर वीत-दीड वीत खाली जांभा लागतो. पहारीने खणायला अर्धा दिवस जातो. काही वर्षांनी जुनी कबर उघडून, हाडं बाजूला काढून, तिथेच नवं मयत ठेवावं लागतं. पण ज्यांचा प्रश्न आहे ते मूठभर आहेत. सगळ्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती माणसं पावणेअकरा लाखांच्या आसपास होती, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. त्यातले कोकणातल्या एखाद्या गावात आपल्या चर्चपासून दूर राहून मरणारे असे किती असणार? दहा वर्षांत दोन-तीन कबरी. दोन-तीन कबरींना पुरत नाही इतकी जागा कुठल्याच दफनभूमीत कमी नसते. आम्ही जागेचं नाव पुढे केलं, कारण खरं कारण मोठ्याने बोलायला अवघड होतं.

खरं कारण वेगळं आहे. आमच्या बाजूला नव्या मंडळ्यांतल्या लोकांना ‘बिलिव्हर’ म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारतात. ‘तो बिलिव्हर झालो’ असं म्हणताना आवाज खाली येतो. विश्वास ठेवणारा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांपासून पत्रांपर्यंत जो शब्द आपल्या माणसासाठी वापरला आहे, तोच आम्ही परक्याला चिकटवला. तिकडूनही कमी होत नाही. त्यांच्यातले काही आम्हाला मूर्तिपूजक म्हणतात, मारिया मातेविषयी नको ते बोलतात, आमच्या खुरसासमोरून, म्हणजे क्रुसासमोरून, जाताना मान वळवतात. एका घरातली मुलगी त्यांच्यात गेली तर आई-बापाच्या पन्नासाव्या लग्नदिवसाच्या मिस्सालाही ती चर्चच्या आत येत नाही, हे मी पाहिलं आहे. ती पूर्ण वेळ बाहेर वडाखाली उभी होती, हातात भेटीची पिशवी घेऊन.

आणि याच गावात चतुर्थीला आम्ही शेजारच्या हिंदू घरी जाऊन पानावर बसतो, ते आमच्या फेस्ताला, चर्चच्या सणाला, येतात, नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात. हे आमच्या किनाऱ्याचं मोठं धन आहे आणि मी ते जिवापाड जपतो. म्हणूनच मला जास्त लागतं. जो देव मानण्यात वेगळा आहे त्याच्या अंगणात आम्ही मोकळेपणाने बसतो, आणि जो त्याच ख्रिस्ताचं नाव घेतो त्याच्या दारात पाय ठेवत नाही. परका परका आहे म्हणून त्याचं काही खुपत नाही. भावाचं खुपतं, कारण त्याच्याशी वारशाचा वाद आहे. भाऊबंदकीच ही, फक्त बांध बाप्तिस्म्याचा आणि प्रभुभोजनाचा.

मतभेद खोटे आहेत असं मी म्हणत नाही. लहान मुलाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, भाकर आणि द्राक्षारस म्हणजे नेमकं काय, संतांची विनवणी करावी का, हे प्रश्न गंभीर आहेत. त्यांवर मी माझ्या चर्चच्या बाजूने उभा आहे आणि राहणार आहे. दर जानेवारीत १८ ते २५ तारखेला ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. एक संध्याकाळ आम्ही सगळे एकत्र येतो, गाणी म्हणतो, चहा-बिस्किटं होतात. ती संध्याकाळ मला आवडते. पण त्या संध्याकाळी शेजारी बसलेल्या माणसाला आषाढात आपण जागा देणार आहोत का, हे त्या चहाच्या वेळी कुणी विचारत नाही. येशूने एकमतावरून ओळखतील असं म्हटलेलं नाही.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. काही हिंदू मित्र विचारतात, आणि आमच्यातले तरुणही : ‘आपल्याच लोकांवर’ प्रेम करा, ही शिकवण संकुचित नाही का? प्रत्येक जात, प्रत्येक ज्ञाती आपल्या माणसाला धरूनच असते. आणि येशूनेच तर डोंगरावरच्या प्रवचनात विचारलं की तुम्ही फक्त आपल्या भावांनाच सलाम केला तर त्यात विशेष ते काय? आक्षेप बरोबर आहे, जर ‘आपले’ कोण हे आपण ठरवत असू तर. पण इथे ते आपण ठरवत नाही. भाऊ निवडता येत नाही, म्हणून तर भाऊबंदकी एवढी कडू असते. मी ज्यांना निवडलं नाही, ज्यांची भाषा, जात, आवाज, गाण्याची चाल मला रुचत नाही, ते एका बाप्तिस्म्याने माझ्या घरात येऊन बसले आहेत. अखिल मानवजातीवर प्रेम आहे असं म्हणायला मला काहीच लागत नाही. मानवजात माझ्या बाकावर बसत नाही, माझ्या दफनभूमीत जागा मागत नाही. सिस्टरबाईंनी मागितली. शेजारच्या माणसावर प्रेम करायला माणूस शिकला, तरच ते प्रेम पुढच्या वाडीपर्यंत जातं. ज्याला आपला भाऊच पेलत नाही, त्याच्या विश्वबंधुत्वावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

निवडीचा हा प्रश्न चर्चमध्ये जातीच्या रूपाने कायम आलेला आहे. गोव्यात कॉन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघांचे, मान जातीवर ठरत आले, आणि आमच्याही बाजूला फेस्तात झेंडा कोणी धरायचा, पहिली मेणबत्ती कोणाची, यावरून जुनी भांडणं आहेत. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आमच्याच किनाऱ्याच्या उत्तरेला, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची स्थिती तपासताना त्यांनी चर्चमध्ये शिल्लक राहिलेल्या जातीवर नेमकं बोट ठेवलं. त्यांनी बाहेरून बघून आमची खूण तपासली, आणि ती त्यांना सापडली नाही. याचं उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट मला याबाबतीत सगळ्यांत उपयोगी वाटते. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. तक्रार झाली. प्रेषितांनी ‘कुरकुर करू नका’ असं सांगितलं नाही, प्रेमावर प्रवचनही दिलं नाही. त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव : सगळी नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची माणसं यादीतून सुटत होती, त्यांच्याच हातात यादी गेली. तौक्ते वादळानंतर, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे ताडपत्र्या आणि पत्रे वाटले गेले तेव्हा यादी चर्चच्या वहीवरून झाली. वहीत नाव नसलेली ख्रिस्ती घरं सुटली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वही करणाऱ्यांना ती घरं माहीतच नव्हती. त्या समितीत त्या घरांतला एक माणूस असता, तर पुरतं निभावलं असतं.

आणि वहीत नसलेले आणखी आहेत. ऑगस्टमध्ये बंदी उठून होड्या निघाल्या की बंदरावर खलाशी येतात, त्यांत झारखंडकडचे काही ख्रिस्ती मुलगे असतात. गेल्या वर्षी एकजण रविवारी मिस्साला आला. शर्ट धुतलेला पण इस्त्री नसलेला, हाताला जाळ्याच्या दोरीचे चरे. तो शेवटच्या दाराजवळ उभा राहिला. बाक रिकामे होते. शेवटी माझ्या बायकोने मागे वळून त्याला हाताने खुणावलं आणि स्वतः सरकली. तो बसला तेव्हा मधल्या ओळीतल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. याकोबाच्या पत्रात हाच प्रसंग आहे, सोन्याची अंगठी आणि मळके कपडे, ‘तू तिथे उभा राहा’. तो मुलगा उद्या दर्यात गेला आणि त्याचा देह आमच्या किनाऱ्याला लागला, तर त्याचं नाव कुणाच्या वहीत आहे? तर्तुलियनच्या पेटीत त्याच्यासाठी पैसे होते.

१९१७ मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांच्या मनात ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा असा बंधुवर्ग होता की ज्याला मिशनच्या भिंती आडव्या येणार नाहीत. जन्माने तेही कोकणचे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. दोन वर्षांत ते गेले, आणि तो दरबार फार वाढला नाही. माझं मागणं त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे.

येत्या बैठकीत मी ते मांडणार आहे : हद्दीतल्या कुठल्याही बाप्तिस्मा झालेल्या माणसाला जागा, त्याच्या पाळकाला प्रार्थनेची मुभा, आणि वाटपाच्या वहीचं काम बघायला बाहेरच्या मंडळीतला एक माणूस. फादरांशी बोललो आहे. ते बिशपांना लिहायला तयार आहेत. समितीत विरोध होईल. त्या दिवशी जो माणूस जागेचं बोलला होता, त्याच्याशी आधी बोलायला त्याच्या घरी गेलो होतो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझ्या बापाला पण तिनेच कपडे घातले होते. एवढंच म्हणाला, हो किंवा नाही काही नाही.

परवा पाऊस थांबल्यावर दफनभूमीत जाऊन आलो. मागच्या कुंपणाला लागून, काजूच्या खाली, एक पट्टी रिकामी आहे. माझ्या पावलांनी अठरा पावलं लांब आणि सात रुंद. वरच जांभा लागतो, खणायला दोन माणसं जास्त घ्यावी लागतील.